टचपॅडची कळ : बिघाडाची परीक्षा व उपाय

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील व्याख्यानाचा मजकूर)



प्राथमिक शाळेच्या कपाटात पूर्वी जे साहित्य असे, त्याचा बिघाड डोळ्यांना दिसत असे. नकाशाची काठी मोडली, पृथ्वीच्या गोलाचा आस निखळला किंवा तराजूचे पारडे एका बाजूस कलले, तर काय झाले आहे हे चौथीतील मुलासही सांगता येई. लॅपटॉपचे तसे नाही. तो बाहेरून धडधाकट दिसतो आणि काम मात्र करीत नाही. अशा वेळी मनुष्याला सुचणारा पहिला उपाय म्हणजे जोर लावणे. दार अडले की ढकलावे, झाकण बसेना की ठोकावे, हा हाताचा जुनाच स्वभाव आहे. टचपॅडची कळ दाबली जाईनाशी झाली म्हणजे पुष्कळ शिक्षक हेच करतात. प्रथम बोटाने दाबतात, मग अंगठ्याने, आणि शेवटी लेखणीच्या मागच्या टोकाने. जोर लावण्यापूर्वी काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे व कोठे थांबावे, एवढेच या ठिकाणी सांगावयाचे आहे.

विषय वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु आज यू-डायस प्लसवरील विद्यार्थ्यांची माहिती, शिष्यवृत्ती परीक्षेची आवेदनपत्रे, पोषण आहाराचे आकडे ही सर्व कामे संगणकावरून होतात. दोनशिक्षकी शाळेत बहुधा एकच लॅपटॉप असतो. त्याची एक कळ अडली तर मुदतीच्या दिवशी मुलांचे अर्ज अडतात. याहून गंभीर गोष्ट अशी की, अडलेली कळ ही कधी कधी आत दडलेल्या मोठ्या धोक्याची पहिली खूण असते. म्हणून या लहान विषयाकडे थोडे बारकाईने पाहणे अवश्य आहे.

रचना

लॅपटॉपच्या कळफलकाच्या खाली, दोन्ही तळहात टेकतात त्या जागेच्या मध्यभागी जो गुळगुळीत चौकोन असतो, त्यास टचपॅड अथवा ट्रॅकपॅड म्हणतात. पडद्यावरील दर्शक हलविण्यासाठी माउस हे उपकरण प्रथम आले. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकेत त्याचे जाहीर प्रात्यक्षिक करून दाखविले. परंतु माउस फिरविण्यास सपाट जागा लागते. प्रवासात वापरावयाच्या यंत्रास ते सोयीचे नव्हे. ॲपल कंपनीने १९९४ मध्ये आपल्या ‘पॉवरबुक ५००’ मालिकेत टचपॅड बसविले आणि पुढे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. आरंभी टचपॅडच्या खालच्या बाजूस कळा वेगळ्या असत. नंतरच्या बहुतेक लॅपटॉपांत या वेगळ्या कळा गेल्या आणि संपूर्ण टचपॅड हेच एक मोठे बटण झाले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. टचपॅड दोन कामे करते आणि ही दोन्ही कामे परस्परांहून अगदी वेगळी आहेत. पहिले काम बोटाची जागा ओळखण्याचे. गुळगुळीत पृष्ठाखाली अतिशय बारीक विद्युत्‌वाहकांची उभी-आडवी जाळी असते. मानवी शरीर विद्युत्‌वाहक असल्यामुळे बोट जवळ येताच त्या जागेची विद्युत्‌धारकता बदलते. तो बदल यंत्र मोजते आणि बोट कोठे आहे हे ठरविते. या कामासाठी दाब मुळीच लागत नाही. केवळ स्पर्श पुरतो.

दुसरे काम दाब ओळखण्याचे. टचपॅडच्या खाली एक लहानसे बटण असते व त्यात धातूची घुमटाच्या आकाराची पातळ चकती असते. पत्र्याच्या डबीचे झाकण मधोमध दाबले असता ते ‘टक्’ असा आवाज करून आत जाते व सोडताच पुन्हा वर येते. ही चकती तसेच करते. ती आत गेली की विद्युत्‌मंडल पूर्ण होते आणि यंत्राला ‘कळ दाबली’ असा संदेश मिळतो. पहिले काम विजेचे आहे, तर दुसरे मुख्यतः यांत्रिक आहे. म्हणूनच दर्शक सुरळीत फिरतो आणि कळ मात्र लागत नाही, असा प्रकार वारंवार आढळतो.

आणखी एक विशेष. अशा पुष्कळ टचपॅडांची वरची कड बिजागरीसारखी जखडलेली असते व खालची कड तेवढी दबते. दार कडीजवळ ढकलले तर सहज उघडते, पण बिजागरीजवळ ढकलले तर जड जाते. तरफेचा हाच नियम येथे लागू पडतो. त्यामुळे वरच्या कडेजवळ कळ दाबली जात नाही, हा बिघाड नसून त्या रचनेचा गुणधर्म आहे. अशा टचपॅडवर खालच्या अर्ध्या भागातच दाबावे. २०१५च्या सुमारास काही लॅपटॉपांत न हलणारे टचपॅडही आले. त्यात दाब मोजणारे संवेदक असतात आणि ‘टक्’ असा जो भास होतो तो लहानशा विद्युत्‌चुंबकाच्या कंपनाचा असतो. असा लॅपटॉप बंद असताना दाबल्यास काहीच जाणवत नाही. त्यावरून तो बिघडला असे समजू नये.

परीक्षेचा क्रम

वैद्य रोग्याची नाडी पाहण्यापूर्वीच औषध देत नाही. येथेही प्रथम परीक्षा व मग उपाय हा क्रम मोडू नये.

पहिली परीक्षा डोळ्यांची. लॅपटॉप बंद करावा, झाकण मिटावे आणि तो सपाट टेबलावर ठेवावा. चारी कोपरे टेकतात काय? बोटाने एक कोपरा दाबला असता तो डुगडुगतो काय? झाकण पूर्वीप्रमाणे मिटते, की फट राहते? झाकण उघडून डोळा टेबलाच्या पातळीस न्यावा व टचपॅड सभोवतालच्या पृष्ठाशी समपातळीत आहे की वर उचललेले आहे, हे पाहावे. यांपैकी एकही खूण आढळली तर पुढील कोणतीही परीक्षा न करता तेथेच थांबावे. त्याचे कारण पुढे येईल.

दुसरी परीक्षा बोटाची. बाह्यरूप ठीक असेल तर लॅपटॉप सुरू करून दर्शक सर्व दिशांना फिरतो की नाही हे पाहावे. तो मुळीच हलत नसेल, तर कळफलकाच्या वरच्या ओळीत टचपॅड बंद-चालू करण्याची कळ आहे काय ते शोधावे. मुलांच्या हातून ती चुकून दाबली जाते. माउस जोडताच टचपॅड आपोआप बंद व्हावे अशी योजनाही काही यंत्रांत केलेली असते.

तिसरी परीक्षा कानाची. टचपॅडच्या खालच्या भागात डावीकडे, मध्ये व उजवीकडे हलकेच दाबून ‘टक्’ असा आवाज येतो काय ते ऐकावे. आवाज येत असून काम होत नसेल, तर दोष बटणाच्या आतील संपर्कात किंवा यंत्रातील योजनेत असू शकतो. आवाज येत नाही व टचपॅड दगडासारखे घट्ट लागते, तर त्याच्या फटीत किंवा खाली काहीतरी अडले आहे असे समजावे. टचपॅड मऊ लागते, खाली जाते, पण ‘टक्’ होत नाही, तर धातूची चकती थकली किंवा मोडली असण्याचा संभव आहे. एकदा दाबले असता दोनदा दाबल्याचा परिणाम होत असेल, तर बटणातील संपर्क झिजू लागला आहे.

चौथी परीक्षा माउसची. शेजारच्या शाळेतून अथवा गटसाधन केंद्रातून तारेचा साधा माउस आणून जोडावा. माउसची कळ नीट चालते व टचपॅडची चालत नाही, तर दोष टचपॅडचा किंवा त्याच्या योजनेचा आहे. माउसची कळही चालेनाशी झाली असेल, तर दोष बहुधा यंत्राच्या कार्यप्रणालीत आहे. अशा वेळी लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केल्यास पुष्कळदा काम भागते.

या चार परीक्षांना दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. त्यांचे निष्कर्ष कागदावर लिहून ठेवावेत. दुरुस्ती करणाऱ्याकडे “लॅपटॉप चालत नाही” असे सांगणारा ग्राहक आणि “दर्शक फिरतो, टचपॅड उजवीकडे दबते, डावीकडे दबत नाही, माउस मात्र नीट चालतो” असे सांगणारा ग्राहक, यांना मिळणाऱ्या सेवेत व आकारात सहसा फरक पडतो.

फुगलेली बॅटरी

एका डोंगराळ तालुक्यातील दोनशिक्षकी शाळेत घडलेली गोष्ट येथे सांगणे उपयुक्त होईल. शिष्यवृत्ती परीक्षेची आवेदनपत्रे भरण्याचा शेवटचा दिवस होता. सात मुलांचे अर्ज राहिले होते. मुख्याध्यापक सकाळपासून लॅपटॉपपुढे बसले होते. आठवडाभर टचपॅड जड लागत होते. त्या दिवशी ते दबेचना. गुरुजींनी अंगठ्याने दाबले, मग मुठीने दाबले. प्रत्येक वेळी लॅपटॉप टेबलावर किंचित डोलत होता. पहिल्या बाकावरील एक मुलगी हे पाहत होती. ती म्हणाली, “गुरुजी, ह्याचं पोट फुगलंय.” गुरुजी गडबडीत होते. ते म्हणाले, “मध्ये बोलू नकोस. पाढे लिही.” मुलगी गप्प बसली.

थोड्या वेळाने शेजारच्या वर्गातील बाई काही विचारावयास आल्या. त्यांनी लॅपटॉप सरकविण्यासाठी उचलला, तेव्हा त्यांच्या बोटांना खालचा भाग उन्ह लागला व मध्ये उंचवटा जाणवला. मुलगी बोलली होती ते अक्षरशः खरे होते. आतील बॅटरी फुगली होती, तिने टचपॅड खालून वर उचलून धरले होते, आणि गुरुजी ते टचपॅड म्हणजे पर्यायाने ती बॅटरीच सकाळपासून मुठीने दाबीत होते.

हा प्रकार विरळा नाही. आजच्या बहुतेक लॅपटॉपांत लिथियम-आयन बॅटरी असते व ती बहुधा तळहात टेकण्याच्या जागेखाली, म्हणजे टचपॅडच्या आजूबाजूस किंवा नेमकी खाली बसविलेली असते. पातळ यंत्रांत तिचे घट लवचीक पिशवीसारख्या वेष्टनात असतात. घट जुना झाला, अति तापला, सतत पूर्ण भारित स्थितीत राहिला किंवा मुळात सदोष असला, तर आतील विद्युत्‌अपघट्य द्रवाचे विघटन होऊन वायू निर्माण होतो. वायूस बाहेर जाण्यास वाट नसल्याने पिशवी फुगते. तिच्या वर टचपॅड असते. ते प्रथम जड होते, मग दबेनासे होते, आणि शेवटी वर उचलले जाते. यावरून अडलेली कळ ही धोक्याची खूण का मानावयाची, हे स्पष्ट होईल.

फुगलेल्या घटावर दाब दिल्यास, तो वाकविल्यास किंवा त्यास टोचल्यास आतील धन व ऋण पत्रे एकमेकांस चिकटून विद्युत्‌मंडलाचा लघुपथ होऊ शकतो. मग उष्णता वाढते, त्या उष्णतेने विघटन वाढते, त्या विघटनाने उष्णता आणखी वाढते आणि घट पेट घेऊ शकतो. अशा आगीचा धूर विषारी असतो. तेव्हा बॅटरी फुगल्याची शंका येताच पुढील गोष्टी कराव्यात.

१. चार्जर ताबडतोब काढावा. लॅपटॉप बंद करावा. टचपॅड दाबून बंद करण्याचा प्रयत्न करू नये. चालू-बंदची कळ वापरावी.

२. झाकण जोराने मिटू नये. लॅपटॉपवर काहीही ठेवू नये.

३. तो मुलांपासून दूर, उन्हात नव्हे अशा ठिकाणी, फरशीवर किंवा दगडावर ठेवावा. कागदपत्रांच्या कपाटात, सतरंजीवर अथवा लाकडी पेटीत ठेवू नये.

४. बॅटरी स्वतः काढण्याचा, टोचून वायू सोडण्याचा किंवा दाबून सपाट करण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

५. अधिकृत दुरुस्ती केंद्राकडे बॅटरी फुगल्याचे स्पष्ट सांगून यंत्र द्यावे. काढलेली बॅटरी उकिरड्यावर किंवा घंटागाडीत टाकू नये. केंद्र शासनाच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये जुनी बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलनासाठी देणे हे वापरणाऱ्याचे कर्तव्य आहे.

६. धूर, फुसफुस किंवा उग्र वास जाणवल्यास यंत्र वाचविण्याच्या भरीस न पडता प्रथम सर्व मुलांना मोकळ्या जागेत न्यावे व मग मदत बोलवावी.

त्या शाळेत पुढे काय झाले? लॅपटॉप बंद करून ओट्याच्या कडेला दगडी पायरीवर नेऊन ठेवला. बाईंनी दोन्ही वर्ग सांभाळले. गुरुजी मुलांची माहिती कागदावर घेऊन ग्रामपंचायतीतील आपले सरकार सेवा केंद्रात गेले व सायंकाळपर्यंत सातही अर्ज भरून परतले. दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी त्यांनी त्या मुलीला पुढे बोलावले आणि सर्व मुलांदेखत सांगितले, “काल हिने पाहिले ते मी पाहिले नाही. हिचे ऐकले असते तर दोन तास आधी कळले असते.” त्या दिवसाच्या परिपाठात सुविचार वेगळा लिहिला नव्हता.

किरकोळ बिघाड व उपाय

बॅटरी निर्दोष आहे असे ठरल्यावर उरलेले बिघाड साधे असतात.

खेड्यातील शाळेत कळ अडण्याचे पहिले कारण धूळ. फळ्यावरील खडूची भुकटी बारीक असते व ती टचपॅडच्या सभोवतालच्या फटीत साचते. हाताचा घाम व तेल यांत मिसळून तिचा लेप बनतो. यासाठी लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा. कोरड्या मऊ सुती फडक्याने पृष्ठ पुसावे. डाग न गेल्यास फडके पाण्यात बुडवून घट्ट पिळून घ्यावे व मग वापरावे. पाणी किंवा अन्य द्रव टचपॅडवर थेट टाकू नये. फटीतून मऊ कुंचला फिरवावा अथवा जाड कागदाची कड हलकेच सरकवावी. सुई, टाचणी, पाते यांचा उपयोग करू नये. तोंडाने फुंकरही घालू नये, कारण फुंकरीबरोबर ओलावा आत जातो.

चहा सांडला असेल तर प्रकरण निराळे. यंत्र लगेच बंद करून चार्जर काढावा आणि तंत्रज्ञाकडे न्यावे. चहातील साखर वाळून बटण चिकटते आणि आतील जोडण्या गंजतात. चुलीजवळ किंवा उन्हात वाळवून पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळावा.

चार्जर लावला असतानाच दर्शक थरथरतो, उड्या मारतो व टिचकी चुकते, पण चार्जर काढताच सर्व सुरळीत होते, असेही आढळते. बोटाची जागा सूक्ष्म विद्युत्‌बदलावरून ओळखली जात असल्यामुळे चार्जरमधून येणारा विद्युत्‌गोंधळ तिला बाधतो. शाळेच्या वीजजोडणीस योग्य भूयोजन, म्हणजे अर्थिंग, नसल्यास हा त्रास वाढतो. अशा वेळी तारतंत्रीकडून भूयोजन तपासून घ्यावे. ते केवळ टचपॅडसाठी नव्हे. शाळेतील प्रत्येक मुलाच्या सुरक्षिततेसाठी अवश्य आहे. ओल्या बोटांनीही दर्शक भरकटतो. हात पुसणे हाच त्यावर उपाय.

चकती थकली असल्यास किंवा बटण झिजले असल्यास घरगुती उपाय नाही. काही रचनांत टचपॅडखाली दाब कमी-अधिक करण्याचा एक लहान स्क्रू असतो. पण तो फिरविण्यासाठी यंत्र उघडावे लागते. ते काम तंत्रज्ञाचे.

कळीवाचून काम

बटण झिजले तरी बोटाची जागा ओळखण्याचे काम शाबूत असते, हे वर सांगितले आहे. त्याचाच लाभ घ्यावा. कळ दाबण्याऐवजी टचपॅडवर बोटाने हलकी टिचकी दिली, तरी तेच कार्य होते. त्यासाठी यंत्रात ही सोय चालू असावी लागते. ‘विंडोज ११’ मध्ये ‘सेटिंग्ज’ उघडून ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’, त्यात ‘टचपॅड’ व त्यात ‘टॅप्स’ येथे ती सापडते. ‘सेटिंग्ज’ उघडण्यासाठी विंडोजची खूण असलेली कळ दाबून धरून ‘आय’ हे अक्षर दाबावे. एका बोटाची टिचकी ही डाव्या कळीचे काम करते, दोन बोटांची एकत्र टिचकी उजव्या कळीचे. एखादी वस्तू ओढून न्यावयाची असल्यास टिचकी देऊन लगेच दुसऱ्यांदा बोट टेकावे आणि ते न उचलता सरकवावे. चार-सहा दिवसांच्या सरावाने ही रीत इतकी अंगवळणी पडते की, बटण दुरुस्त झाल्यावरही पुष्कळ जण टिचकीच वापरतात. त्यामुळे बटणाची झीजही कमी होते.

टचपॅड पूर्णच निकामी झाले तरी अर्ज अडण्याचे कारण नाही. ‘टॅब’ कळीने एका रकान्यातून पुढच्या रकान्यात जाता येते. ‘शिफ्ट’ दाबून ‘टॅब’ दाबल्यास मागे येता येते. यादीतील पर्याय बाणांच्या कळांनी निवडता येतात, चौकटीतील खूण ‘स्पेस’ कळीने करता येते आणि निवडलेले बटण ‘एंटर’ने दाबता येते. ‘शिफ्ट’ व ‘एफ १०’ या दोन कळा मिळून उजव्या कळीचे काम करतात. एवढ्या सहा-सात कळा शिक्षकाने एका फावल्या दुपारी गिरवून ठेवाव्यात. मुदतीच्या दिवशी त्या शिकण्यास स्वस्थता नसते. शक्य तेथे तारेचा एक माउस शाळेच्या कपाटात कायम ठेवावा.

निगा

बॅटरी फुगण्याची बहुतेक कारणे थोड्या निगेने टळतात. लॅपटॉप रात्रंदिवस चार्जरला लावून ठेवू नये. तो गादीवर, सतरंजीवर किंवा वह्यांच्या ढिगावर ठेवून चालवू नये. त्याच्या खालची हवा जाण्याची छिद्रे झाकली जातात. उन्हाळ्याच्या सुट्टीत विदर्भ-मराठवाड्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि बंद पत्र्याच्या खोलीत उष्णता त्याहूनही वाढते. अशा खोलीत लॅपटॉप ठेवून दीड महिना कुलूप लावणे म्हणजे बिघाडास निमंत्रण देणे होय. सुट्टीपूर्वी बॅटरी सुमारे निम्मी भारित ठेवावी, यंत्र पूर्ण बंद करावे व शक्य तितक्या थंड जागी ठेवावे. शाळा उघडल्यावर प्रथम चारी कोपरे टेकतात काय हे पाहावे आणि मगच चार्जर लावावा.

नोंद व जबाबदारी

लॅपटॉप ही शाळेची मालमत्ता आहे. हमीची मुदत चालू असताना तो बाहेरच्या कोणाकडून उघडविल्यास हमी नाकारली जाण्याचा संभव असतो. म्हणून बिघाड दिसताच जडवस्तुसंग्रह नोंदवहीवरून खरेदीचा दिनांक व हमीची मुदत पाहावी. दुरुस्तीचा खर्च शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावा, पावती जपावी आणि बिघाड, दिनांक व दुरुस्ती यांची एक ओळ नोंदवहीत लिहावी. दुरुस्तीपलीकडे गेलेल्या वस्तूचे निर्लेखन रीतसर करावे. फुगलेल्या बॅटरीचा लॅपटॉप ‘निर्लेखन व्हावयाचे आहे’ म्हणून वर्गाच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे पडून राहणे ही निष्काळजीची परिसीमा होय. निर्लेखनाचा कागद सावकाश होवो. धोकादायक वस्तू मात्र त्याच दिवशी वर्गाबाहेर गेली पाहिजे.

वर्गातील उपयोग

शिक्षकाच्या हाती आलेली कोणतीही वस्तू शिकविण्याच्या कामी येते. टचपॅडही त्यास अपवाद नाही. सुस्थितीत असलेल्या लॅपटॉपवर मुलांना एक लहान प्रयोग करू द्यावा. दर्शक प्रथम बोटाने हलवावा. मग लाकडी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने, मग कोरड्या जाड कापडात गुंडाळलेल्या बोटाने, मग बोटाखाली वहीचे एक पान, चार पाने आणि अखेर पुठ्ठा ठेवून हलविण्याचा प्रयत्न करावा. कशाने हलला व कशाने हलला नाही, याचा तक्ता मुलांनी फळ्यावर करावा. विद्युत्‌वाहक आणि विद्युत्‌रोधक हे शब्द शिक्षकाने नंतर सांगावेत. वर्गीकरण मुलांनी आधीच केलेले असेल. जिने “पोट फुगलंय” असे म्हटले, तिच्यासारखे डोळे प्रत्येक वर्गात दोन-चार तरी असतात. त्यांना बोलण्यास वाव मिळाला तर शाळेतील वस्तूच नव्हे, माणसेही सुरक्षित राहतात.

उत्तर न देणाऱ्या मुलावर आवाज चढविल्याने उत्तर येत नाही, हे प्रत्येक अनुभवी शिक्षक जाणतो. तो मुलाजवळ जातो, त्याचे कपाळ पाहतो, सकाळी काही खाल्ले आहेस का असे विचारतो. अडलेल्या कळीपुढेही तेवढाच धीर हवा.

शेवटी एक विनंती. आज शाळेत परतल्यावर प्रत्येकाने कपाटातील लॅपटॉप बाहेर काढावा, झाकण मिटून सपाट टेबलावर ठेवावा आणि त्याचे चारी कोपरे टेकतात की नाही हे पाहावे. टेकत असतील तर समाधान मानावे. टेकत नसतील तर काय करावयाचे, ते वर सांगितलेच आहे.